‘फेझर’ : मारण्याआधी थांबवणारे काल्पनिक अस्त्र

हातात मावणाऱ्या काल्पनिक ऊर्जाशस्त्रांत ‘फेझर’चे नाव विशेष परिचित आहे. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तिच्यासोबत हे अस्त्र घरोघरी पोहोचले.

मालिकेच्या पहिल्या नमुनाभागात पात्रांच्या हाती लेसर पिस्तुले होती. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये खरा लेसर तयार केला होता. त्याच्या मर्यादा उघड झाल्यावर प्रेक्षक चुका काढतील, हे ओळखून निर्माते जीन रॉडनबेरी यांनी ‘फेझर’ हा नवा शब्द स्वीकारला.

मूळ मालिकेतील लहान फेझर तळहातात लपतो. तोच मूठ असलेल्या सांगाड्यात बसवला की पिस्तूल तयार होते. किरणाची तीव्रता मात्र कमी-अधिक करता येते. सौम्य किरणाने माणूस बेशुद्ध पडतो, तीव्र किरणाने मरतो किंवा नाहीसा होतो. १९६६ च्याच एका भागात थंडीने गारठलेले सहकारी फेझरने दगड तापवून ऊब मिळवतात.

माणूस ‘नाहीसा’ करणे मात्र भौतिकशास्त्राच्या हिशेबात बसत नाही. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात सुमारे ४२ किलो पाणी असते. केवळ त्याची वाफ करण्यास १० कोटी ज्यूलहून अधिक ऊर्जा लागेल. १५ वॅट-तास क्षमतेच्या मोबाइल बॅटरीत ५४ हजार ज्यूल ऊर्जा मावते; म्हणजे अशा जवळपास दोन हजार बॅटऱ्या लागतील. शिवाय त्या पाण्याची सुमारे ७० घनमीटर उकळती वाफ होऊन गोळी झाडणाराही भाजून निघेल.

बेशुद्ध करण्याच्या कल्पनेला मात्र वास्तवात नातेवाईक सापडतो. अमेरिकी संशोधक जॅक कव्हर यांनी १९७४ मध्ये ‘टेझर’ सिद्ध केले. त्याचे नावही १९११ च्या ‘टॉम स्विफ्ट’ या किशोरकादंबरीतील विद्युत रायफलीवरून आले. टेझरमध्ये किरण नसतो. तारांना जोडलेल्या दोन अणकुचीदार काट्यांतून विजेचे झटके बसतात आणि स्नायू आखडतात. मात्र टेझरच्या वापरानंतर मृत्यू झाल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत.

ही शक्यता ‘स्टार ट्रेक’नेही लपवलेली नाही. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात बेशुद्धीच्या पातळीवर ठेवलेला फेझर अगदी जवळून झाडल्याने दोघांचा बळी जातो. अस्त्र सौम्य आहे म्हणून ते सहज उगारले जाऊ लागले, तर त्याचा सौम्यपणा टिकत नाही. तीव्रतेची कळ यंत्रावर असली, तरी तिची जबाबदारी ती फिरवणाऱ्या हातावरच राहते.