बरा झाला, म्हणजे काय?

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या शेगावात एकच विषय होता : मंदिर कधी उघडणार? मार्चपासून दर्शन बंद होते. एरवी गुरुवारी स्टेशनकडून मंदिराकडे जाताना ऑटोला वाट मिळत नाही. त्या रस्त्यावर मी भर दुपारी गुरे बसलेली पाहिली. हारवाले, लॉजवाले, कचोरीवाले, ऑटोवाले, असे बरेचसे गाव भाविकांच्या येण्याजाण्यावर जगणारे.

संध्याकाळी आमच्या गल्लीत अंतर राखून दोन-चार जण बसत. त्यात एक ऑटोवाला आणि एक निवृत्त कंपाउंडर. ऑटोवाला मला म्हणायचा, "मास्तर, करोनानं मेलो तर निदान सरकारी यादीत नाव तरी येईल. उपाशी मेलो तर तेही नाही." कंपाउंडर उत्तर द्यायचे, "अरे, बुलढाण्यात मार्च संपायच्या आतच माणूस दगावला. दार उघडलं की अख्खा महाराष्ट्र इथं उतरेल, मग काय करशील?" दोघांचेही खरे होते, त्यामुळे वाद मिटायचा नाही. रोज तेच, रोज तितक्याच तावातावाने.

आमच्या गल्लीतले हे भांडण मुंबईतही चालू होतेच. ऑगस्ट २०२० मध्ये मंदिरे उघडा म्हणून भाजपने राज्यभर घंटानाद केला. महिनाअखेरीस प्रकाश आंबेडकर त्याच मागणीसाठी पंढरपुरात उतरले. ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यातला पत्रव्यवहार गाजला. अखेर दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरपासून, राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा असा आमचा सगळा पट्टाच पुन्हा तापला आणि एप्रिलमध्ये राज्यभर दारे परत लागली. त्याच काळात, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील गेले. ज्या माणसाने आयुष्यभर लाखोंच्या गर्दीची व्यवस्था लावली, त्याला मोजक्या लोकांनी निरोप दिला. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, मंदिरे पुन्हा उघडली.

मी शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे १३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला, तेव्हा माझे लक्ष आधी कायद्याच्या सालाकडे गेले. साल होते १८९७. मुंबईत प्लेग पसरला म्हणून इंग्रजांनी घाईने केलेला तो कायदा. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करायची, संशयितांना वेगळे ठेवायचे, हे अधिकार त्यातच आहेत. पुण्यात त्या तपासणीचे पर्यवसान रँडच्या खुनात झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण पुढे कितीतरी वर्षे सरकारचा डोळा पंढरीच्या वाटेवरही होता. पटकी असो की प्लेग, साहेबाच्या आरोग्य खात्याला पालखी म्हणजे रोग गावोगाव पोचवणारे वाहन वाटे. वारकऱ्याला ते वर्षाचे पुण्य. यात्रा भरू द्यायची की नाही, यावर तेव्हाही अर्जविनंत्या झाल्या, वर्तमानपत्रांतून भांडणे झाली.

तो काळ आमच्या गावाने जवळून पाहिला. गजानन महाराज १८७८ मध्ये शेगावी प्रकटले आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. म्हणजे प्लेगची पहिली तेरा-चौदा वर्षे त्यांच्या हयातीतली. दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथात त्याच्या खुणा आहेत. पंढरपुरात पटकीने आजारी पडलेला वारकरी त्यात आहे, ज्याला सोबतचे लोक मागे टाकून निघायच्या बेतात होते. आणि मुंडगावचा पुंडलिक आहे. शेगावच्या वारीला निघाला, वाटेत ताप भरला, काखेत गाठ आली, तरी पायीच आला. पोथी वाचणाऱ्याला तो निष्ठावंत भक्त दिसतो. त्याच वाटेवर एखादा प्लेगचा अधिकारी उभा असता, तर त्याला गाठ घेऊन गावात शिरणारा रोगी दिसला असता. मला स्वतःला, खरे सांगतो, २०२० मध्ये पोथी वाचताना पहिल्यांदाच त्या अधिकाऱ्याची बाजू कळली.

याच कथेत आणखी एक बारकावा आहे. महाराजांच्या कृपेने गाठ बसली, ताप उतरला, तरी पुंडलिकाच्या अंगात अशक्तपणा राहिला होता. तो नंतर गेला. पोथीने एवढे टिपले. सरकारी रजिस्टरात मात्र मेला किंवा वाचला, एवढेच. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेल्याचे अंदाज आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाड त्यात सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होता. जे उठून बसले पण पूर्वीसारखे नांगर धरू शकले नाहीत, त्यांची मोजदाद कोणी केली?

आमच्या वेळीही रोज संध्याकाळी आकडे यायचे : नवे रुग्ण, मृत्यू, बरे होऊन घरी गेलेले. हा तिसरा आकडा ऐकून बरे वाटायचे. घरी गेल्यावर त्यांचे काय झाले, हे त्यात नसायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रेंगाळणाऱ्या दुखण्याची व्याख्या केली : आजारानंतर साधारण तीन महिन्यांनीही असणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसरे कारण न सापडणारी लक्षणे. थकवा, धाप, विसराळूपणा. शंभर रुग्णांमागे सुमारे सहा जणांना हे होते, असा तिचा अलीकडचा अंदाज आहे. महाराष्ट्रात नोंदलेले रुग्ण ८० लाखांवर आणि मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

आमच्या गल्लीतल्या वादात हे कोणाच्याच तोंडी नव्हते. कंपाउंडर मरणाबद्दल बोलत होते, ऑटोवाला पोटाबद्दल. एप्रिल २०२१ मध्ये ऑटोवाल्याला करोना झाला. ऑक्सिजन लागला, पण वाचला. कागदावर 'बरा'. एप्रिल २०२२ मध्ये सगळे निर्बंध उठले, गाड्या भरून भाविक येऊ लागले. ज्या दिवसासाठी तो दोन वर्षे भांडला तो उजाडला, आणि याला प्रवाशाची पिशवी उचलली की धाप लागू लागली. दुपारनंतर हात थरथरायचे. तपासण्यांत काही निघत नाही म्हणून घरचेही हळूहळू म्हणू लागले, की याला आता कामाचा कंटाळा आला. ऑटो त्याने पुतण्याला चालवायला दिला. कंपाउंडर त्याला रोज श्वासाचे व्यायाम करायला लावत. वाद बंद झाला होता.

त्याच वर्षी दोन वर्षांच्या खंडानंतर शेगावची पालखी पायी पंढरपूरला गेली. परतीला खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो लोक सोबत चालतात. हा दरवर्षी चालायचा. त्या दिवशी तो खामगावला गेला नाही. शेगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पुतण्याने त्याला खुर्ची टाकून दिली. पालखी समोरून जाताना उठला, हात जोडले, गर्दीबरोबर वीसेक पावले चालला आणि विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. मी खुर्ची उचलून त्याच्यापाशी नेली.