पर्जन्यबागेची रोपे: मेरिलँड ते मेलबर्न

विसाव्या शतकातील नगररचनेत पावसाचे पाणी ही त्वरेने विल्हेवाट लावण्याची वस्तू मानली जात होती. छपरे, रस्ते आणि वाहनतळ यांवरून वाहणारे पाणी बंदिस्त नळांतून जवळच्या ओढ्यात सोडले जाई, आणि त्याबरोबर गाड्यांचे तेल, जस्त, शिसे, हिरवळीला घातलेल्या खतांमधील नत्र व स्फुरद हेही ओढ्यात उतरत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजत असे, आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून जलचर मरत. स्वच्छ जल कायद्यात 1987 साली दुरुस्ती झाली आणि शहरी पावसाचे पाणीही परवान्यांच्या कक्षेत आले. तोवरचा रूढ उपाय म्हणजे वसाहतीच्या टोकाला साठवण तळे खोदून पाणी काही काळ अडवणे, हा होता. त्यात जमीन अडकून पडे, आणि मातीत मुरण्याची पाण्याची मूळची वाट मात्र बंदच राही.

या उपायाला पर्याय मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस परगण्यात मिळाला. सॉमरसेट या नव्या वसाहतीचे विकासक डिक ब्रिंकर यांनी 1990 च्या सुमारास तळ्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारात पाणी मुरवणारा रोपांचा खोलगट वाफा करावा, अशी कल्पना परगण्याच्या पर्यावरण विभागातील लॅरी कॉफमन यांच्यापुढे मांडली. साधारण 300 ते 400 चौरस फुटांचे असे वाफे घरोघरी केले गेले. तळे आणि नळ यांना सुमारे 4 लाख डॉलर लागणार होते. तेथे एकूण खर्च 1 लाखाच्या आसपास आला. पर्जन्यबाग म्हणजे रेन गार्डन या नावाने ओळखला जाणारा प्रकार येथून रूढ झाला. त्याचे अभियांत्रिकी रूप ‘बायोरिटेन्शन’ म्हणजे जैवधारण या संज्ञेने ओळखले जाते, आणि त्याची पहिली सविस्तर मार्गदर्शिका परगण्याने 1993 मध्ये प्रसिद्ध केली.

या आरंभकाळातील सर्वांत दूरगामी निर्णय रोपांविषयीचा होता. वाफ्याकडे शोभेची बाग म्हणून न पाहता त्या प्रदेशातील जंगलाच्या तुकड्याप्रमाणे पाहिले गेले: वर झाडे, त्यांखाली झुडपे, त्याखाली शाकीय वनस्पती व गवत, आणि सर्वांत खाली पालापाचोळ्याची जागा घेणारे बारीक चिरलेल्या लाकडाचे आच्छादन. एका रोगाने किंवा किडीने सारा वाफा उजाड होऊ नये म्हणून झाडांच्या किमान तीन व झुडपांच्या किमान तीन जाती असाव्यात, असा दंडक होता. नदीकाठचा बर्च, लाल मेपल, विंटरबेरी, स्विचग्रास, पाणथळ जागी वाढणारी मिल्कवीड ही त्या भागातील पर्जन्यबागांतील परिचित नावे.

मात्र पर्जन्यबाग म्हणजे पाणथळ जागा नव्हे. वाफ्यात पाणी साधारण वीतभर चढते आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून ते दोन-तीन दिवसांच्या आत मुरावेच लागते. त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत माती कोरडी पडत जाते. सदैव चिखलात राहणारे रोप म्हणूनच उन्हाळ्यात मान टाकते, तर कोरड्या माळावरचे रोप पहिल्याच मुसळधार पावसात गुदमरते. दोन्ही टोके सोसणाऱ्या जाती मुख्यतः नद्यांच्या पूरमैदानांतील असतात. वाफ्याच्या तळाशी, उतारावर आणि काठावर ओलाव्याचे मान वेगळे असल्यामुळे या तीन पट्ट्यांसाठी रोपांच्या वेगळ्या याद्या करण्याची पद्धतही यातूनच आली. पर्जन्यबागेत पाणी सोसणाऱ्या रोपांपेक्षा तहान सोसणाऱ्या रोपांची उणीव अधिक भासते, हे पुढील अनुभवाने अधिकच ठळक झाले. सुरुवातीच्या वाफ्यांच्या मातीत 10 ते 25 टक्के चिकणमाती चालत असे. परंतु अशी माती पुढे घट्ट होऊन पाणी तुंबते, असे दिसल्यावर वाळूचे प्रमाण वाढवले गेले. पाणी झपाट्याने मुरू लागले आणि तितक्याच झपाट्याने ओलावाही हरपू लागला. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ वाफ्यांत उतरते, त्यामुळे रस्त्याकडेच्या यादीत खारटपणा सोसणाऱ्या जातींना मान मिळाला.

वनस्पती नेमके काय करतात, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. मेरिलँड विद्यापीठात ॲलन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तांबे, शिसे व जस्त यांचा बहुतांश भाग वाफ्यात अडकून राहतो, विशेषतः आच्छादनात आणि वरच्या थरात, असे दिसले. नायट्रेट मात्र जवळजवळ तसेच बाहेर पडले. ज्या नत्रापासून चेसापीक वाचवायचा होता त्याचेच हे रूप निसटावे, हे मोठे अपयश होते. मातीच्या तळाशी पाणी साचून राहणारा, प्राणवायूविरहित थर ठेवून तेथील जिवाणूंकडून नायट्रेटचा वायू करून घेण्याचा मार्ग याच गटाने तपासला, आणि त्या जिवाणूंचे खाद्य म्हणून वर्तमानपत्राचा कागद उत्तम ठरल्याचे 2003 मध्ये नोंदवले.

रोपांकडे थेट लक्ष वळले ते ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी मातीने भरलेल्या नळकांड्यांत निरनिराळ्या जाती वाढवून त्यांतून शहरी पाण्यासारखे पाणी सोडले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 देशी जाती शेजारी शेजारी तपासल्या गेल्या. नत्र काढून घेण्यात जातीजातींमध्ये मोठा फरक आढळला. कॅरेक्स अप्रेसा ही लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती अव्वल ठरली, तर डायानेला रेव्होल्युटासारखी, उद्यानांत आवडीने लावली जाणारी जात रोपे नसलेल्या मातीपेक्षा फारशी सरस दिसली नाही. फुले, पाने किंवा उंची यांवरून हा फरक ओळखता येत नव्हता. तो जमिनीखाली होता: मुळांची एकूण लांबी, सर्वांत लांब मुळाची खोली आणि बारीक मुळांची दाटी यांवर बरेच काही अवलंबून होते. रोपवाटिकेतील रोपाचे दर्शनी रूप पाहून निवड करण्याच्या जुन्या सवयीला यामुळे शास्त्रीय उत्तर मिळाले. त्याच काळात मेलबर्न दीर्घ अवर्षणातून जात होते, आणि तळाशी ओल धरून ठेवणारा थर नत्र कमी करतो त्याबरोबरच रोपांना कोरड्या आठवड्यांत जगवतो, हेही तेथील प्रयोगांतून दिसले.

अव्वल जात सापडली म्हणून सर्वत्र तीच लावावी, हा मोह स्वाभाविक होता, पण 1993 च्या मार्गदर्शिकेतील अनेक जातींचा दंडक अशा वेळी अधिक शहाणपणाचा वाटतो. नत्र शोषणाऱ्या जातींना वाफ्याचा मोठा भाग द्यावा आणि उरलेल्या भागात फुलझाडे व झुडपे ठेवावीत, अशी मिश्र लागवडच नत्रशोषण आणि विविधता या दोन्ही गरजा भागवते. कोणतीही यादी सदोष मातीची भरपाई मात्र करत नाही. सिएटलमधील एका निवासी रस्त्यावर 2001 मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पात 100 हून अधिक सदाहरित झाडे आणि सुमारे 1,100 झुडपे लावली गेली आणि पाण्याचा वाहता प्रवाह जवळजवळ थांबला. त्याच शहरातील बॅलार्ड भागात 2010 मध्ये केलेल्या काही वाफ्यांत मात्र पाणी दिवसेंदिवस साचून राहिले, कारण खालची जमीन पाणी पुरेसे मुरू देत नव्हती, आणि त्यांतील काही वाफे अखेर बुजवावे लागले.