आभासी चलन : संस्थांपुढील जोखीम

आभासी चलन म्हणजे नोटेचे वा नाण्याचे रूप नसलेले, केवळ संगणकीय नोंदीच्या आधारे हस्तांतरित होणारे मूल्य. त्याचे तीन प्रकार आधी वेगळे ओळखावे लागतात. बिटकॉइनसारख्या चलनामागे कोणतेही सरकार वा बँक उभी नसते. स्टेबलकॉइनचा भाव डॉलरसारख्या चलनाशी बांधलेला असतो आणि त्याची हमी ते काढणारी खासगी कंपनी देते. डिजिटल रुपया मात्र भारतीय रिझर्व्ह बँक स्वतः काढते. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला, आणि तो नोटेइतकाच वैध आहे. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांना लागू आहे.

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी ब्लॉकचेन या संगणकीय खतावणीतील पहिला ठोकळा तयार झाला. या खतावणीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. व्यवहार एकदा पक्का झाला की तो कोणालाही मागे फिरवता येत नाही. खासगी किल्ली नावाचा गुप्त आकडा ज्याच्या हाती, त्याची सही खरी मानली जाते, मग तो मालक असो की चोर. संस्थेपुढील बहुतेक संकटे या दोन गुणधर्मांतून निघतात. भावातील चढउतारांची चर्चा फार होते, पण किल्ली कोणाकडे आणि सही कोण करतो हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

टोकियोतील माउंट गॉक्स हे विनिमय केंद्र फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे त्याने जाहीर केले. त्यांपैकी सुमारे दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ल्या ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात, सापडले. मुंबईच्या वझीरएक्स या विनिमय केंद्रातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीस गेली. हे प्रकरण विशेष अभ्यासण्याजोगे आहे. त्या वॉलेटला एकाची सही पुरत नव्हती. कंपनीच्या तिघांची आणि मालमत्ता सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीची, अशा सह्या लागत. तरीही चोरी झाली. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळे होते, असे वझीरएक्सने सांगितले. दोष कोणाच्या यंत्रणेत होता यावर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवले आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या केंद्रातून सुमारे दीड अब्ज डॉलर याच धर्तीवर गेले. दोन्ही चोऱ्यांमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे अमेरिकी यंत्रणांनी म्हटले आहे. सह्यांची संख्या वाढवून भागत नाही. सही करणाऱ्याने व्यवहाराचा तपशील दुसऱ्या, स्वतंत्र उपकरणावर पडताळला पाहिजे.

चोरी न होताही पैसा बुडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या विनिमय केंद्राने दिवाळखोरी जाहीर केली. ग्राहकांच्या ठेवी संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवल्या गेल्या होत्या, आणि त्याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तेव्हा यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या राखीव निधीतील ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले होते. एक डॉलरचे ते नाणे सुमारे ८८ सेंटपर्यंत उतरले. पुढे भाव सावरला. परंतु मधल्या दिवसांत पगार वा देणी चुकवायची असलेल्या संस्थेला त्याचा उपयोग नव्हता.

ज्या संस्थेने आभासी चलनाला कधी हात लावला नाही, तीही खंडणीच्या मार्गाने यात ओढली जाते. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहक कंपनीने हॅकरांनी कुलूपबंद केलेले संगणक सोडवण्यासाठी ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. तपासयंत्रणांनी महिन्याभरात ६३.७ बिटकॉइन परत मिळवले. तोवर भाव घसरून त्यांची किंमत सुमारे २३ लाख डॉलर राहिली होती.

भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द ठरवला. त्यामुळे बंदी उठली, पण खासगी आभासी चलनाला कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला नाही. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना आपल्याकडील आभासी चलन ताळेबंदासोबत उघड करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, पुढील वर्षी ओढताही येत नाही. खजिनदाराला ही तरतूद ठाऊक नसेल तर एका व्यवहारात तोटा सोसून दुसऱ्यावर पूर्ण कर भरण्याची वेळ येते. मार्च २०२३ पासून विनिमय केंद्रे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आली असून त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. संस्थेने केंद्र निवडताना ही नोंदणी तपासणे अगदी किमान आहे.

किल्लीचा प्रश्न तपासयंत्रणांनाही चुकत नाही; जप्त केलेले आभासी चलनही सांभाळावेच लागते. पुण्यातील गेनबिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना, जप्त चलनातील काही भाग स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली.

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना प्रयोगाला फारशी जागा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये न्यासाचा निधी कोठे ठेवावा हे ठरवून दिलेले आहे, आणि खासगी आभासी चलन त्यात बसत नाही. विश्वस्तांनी असा प्रस्ताव सभेपुढे आणण्याआधी ते कलम वाचावे.