वाडवडिलांचा माग

आमची विद्या शाळेतली नव्हे. ती कामगारांच्या मस्टरवरची. युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी येतात, तशी अलीकडे माणसे पूर्वजांचा कागद शोधत येतात. आदिवासी असल्यास ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीय असल्यास १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा जातीच्या दाखल्याला लागतो. पोराचा कॉलेजातला प्रवेश त्यावाचून अडतो. मग आम्ही विचारतो, घराणे मूळचे कुठले? यावल-रावेरकडचा लेवा सांगतो, गुजरातेतले, पावागडाकडचे. गाव कोणते, साल कोणते? येथे सारे गप्प.

त्यात त्यांचा दोष नाही. १८०२ ते १८०४ या काळात लष्करांच्या धुमाळीने आणि दुष्काळाने खानदेश उजाड झाला. कुलकर्णीच परागंदा झाला तर दप्तर राहील कसे? १८१८ साली इंग्रजी अंमल बसला आणि पडीक जमिनीला कुळे हवी झाली. पण गाडीमागून चालत आलेल्या कुणब्याची नोंद कोण ठेवणार?

उलट मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुराचे पाहा. १८३४ पासून करारावर हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. प्रत्येकाला तिथे क्रमांक मिळे. गाव, वय, बापाचे नाव, जहाज हे लिहिले जाई, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रही घेत. ते दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. बांधलेल्याचा कागद आहे, मोकळ्याचा नाही! मजूर मोजल्याशिवाय मालकाचा हिशेब लागत नाही, दुसरे काय. कागद असून गेल्याचेही उदाहरण आहे. १९२२ साली डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, आणि आयर्लंडातून अमेरिकेत गेलेल्या स्कॉटिश कुळांचे वंशज आजवर चाचपडत आहेत.

तथापि हात टेकू नयेत. कोतवाल बुकातील जन्ममृत्यू, जमीनमोजणीचे कागद, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, भाटांच्या वंशावळी, हे सारे चाळावे. जुने लिखाण मोडीत असते, वाचणारा गाठावा. सालाबाबत फार जपावे. शकात साधारण ७८ मिळवावे, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. फसलीला सुहूर समजलात की पणजोबा नऊ वर्षे उशिरा जन्मतो.

आम्ही स्वतः एकदा फसलो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. एका सोबत्याच्या वंशावळीत आम्ही दोन तुकाराम एकच धरले आणि दोन पिढ्या गिळल्या. अर्ज फेटाळला गेला, पोराचे वर्ष वाया गेले. त्या घरात आम्हाला चहा मिळाला, पण कोणी फारसे बोलले नाही.

चूक सापडली ती सोबत्याच्या आजीच्या तोंडून. कानबाईच्या रोटाला कोणती घरे बसत, हे तिला पाठ होते. आणि रोट भाऊकीबाहेर जात नाही. ज्या घराला आम्ही परके ठरवले होते, ते दरसाल बसत असे. त्या घरचा मूळपुरुष दगडूचा भाऊ; आणि दगडू म्हणजे थोरल्या तुकारामाचा मुलगा, धाकट्याचा बाप. त्याचे नाव हाती आल्यावर शेजारच्या गावच्या कोतवाल बुकात त्याची नोंद निघाली.

म्हातारी आता नाही. तिने सांगितलेली पाचही घरे आम्ही वहीत उतरून ठेवली आहेत, आणि त्या घरांतल्या सुनांची माहेरेही. तीही तिला पाठ होती.