अप्रत्यक्ष कथन तक्त्यात मावत नाही

नागपूरच्या महालात बडकस चौक, चिटणीस पार्क या भागात संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवण्या भरतात. ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’चा धडा आला की फळ्यावर तोच तो तक्ता उतरतो. ‘सेड टू’चे ‘टोल्ड’, ‘इज’चे ‘वॉज’, ‘विल’चे ‘वुड’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’. अवतरणचिन्हे काढायची, ‘दॅट’ घालायचा, तक्ता लावायचा, की गुण पदरात. या रिवाजामागे दोन समजुती आहेत. पहिली अशी की रूपांतर वाक्याचे होते, म्हणून वाक्य एक तर उत्तरही एकच. दुसरी अशी की मराठीत असला प्रकारच नाही, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाला पाठांतराशिवाय गत्यंतर नाही. मला दोन्ही चुकीच्या वाटतात, आणि दुसरी जास्त घातक.

तक्त्याची बाजू कमकुवत नाही. ज्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही, तिथल्या मुलाला कान तयार होईपर्यंत थांबायला दहावीची परीक्षा सवड देत नाही. सांगण्याचे क्रियापद भूतकाळी असेल तर आतला काळही एक पायरी मागे नेला की इंग्रजीत सहसा बिघडत नाही, हेही खरे. आधार म्हणून तक्ता असावा, त्याला माझी ना नाही. माझा आक्षेप त्याला नियम मानण्याला आहे.

सकाळी बडकस चौकात एक मुलगी मैत्रिणीला म्हणते, ‘आय विल कम हिअर टुमॉरो.’ मैत्रीण त्याच संध्याकाळी, त्याच चौकात उभी राहून हे भावाला सांगते. तक्ता तिच्याकडून वदवून घेतो, ‘शी सेड दॅट शी वुड कम देअर द नेक्स्ट डे.’ भावाला कळेल ते असे: कुठल्या तरी दुसऱ्या ठिकाणी, कुठल्या तरी होऊन गेलेल्या दिवशी. ठिकाणही चुकले, दिवसही चुकला. इथे ‘हिअर’ आणि ‘टुमॉरो’ जागेवरच राहायला हवेत. तीच मैत्रीण त्याच संध्याकाळी सीताबर्डीवर बोलत असेल तर ‘हिअर’चे ‘देअर’ होईल, पण ‘टुमॉरो’ राहील. आठवड्यानंतर सीताबर्डीवरच बोलेल तेव्हा मात्र तक्त्याचे उत्तर बिनचूक ठरेल. मूळ वाक्य एकच आणि बरोबर उत्तरे तीन. त्यातले कुठले घ्यायचे हे त्या वाक्याला ठाऊक नसते. सांगणारा कुठे आणि केव्हा उभा आहे, त्यावर ते ठरते.

हे मी काही नवे सांगत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातही ही सूट दिलेली आहे: वस्तू, जागा किंवा वेळ सांगणाऱ्याच्याही समोरची असेल तर शब्द बदलू नये. वर्गात तक्ता पोचला, ही टीप वाटेतच गळली.

काळाचेही तेच. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य तक्त्यात अपवाद म्हणून पाठ करून घेतात. अपवाद का, हे कुणी सांगत नाही. ते विधान सांगणाऱ्याच्याही काळात खरे आहे आणि तो त्याची हमी घेऊ शकतो, म्हणून वर्तमानकाळ चालतो. मग मैत्रिणीचा ताप अजून उतरला नसेल तर ‘शी सेड शी इज इल’ हेही त्याच न्यायाने शुद्ध. सूर्याला एक न्याय आणि तापाला दुसरा, असे इंग्रजीत नाही.

आता दुसरी समजूत. सकाळचे कुठलेही मराठी वर्तमानपत्र उघडा. ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी सांगितले.’ नेता ‘मी’ म्हणाला होता, बातमीदाराने ‘आपण’ केले. काळ मात्र हलला नाही. हे अप्रत्यक्ष कथनच आहे. ‘कुठे चाललास?’ असे कुणी विचारले, की मूल घरी येऊन सांगते, ‘मी कुठे चाललोय ते त्यांनी विचारलं.’ पुरुष बदलला, प्रश्नाचे विधान झाले, आणि हे त्याला कुणी शिकवलेले नाही. इंग्रजीत ‘आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’ म्हणताना हेच करायचे असते. अधिकची गोष्ट एकच, काळ मागे नेणे. आईची आज्ञाही मराठी मूल दोन रीतींनी पोचवते: ‘बाहेर जाऊ नको म्हणून सांगितलंय’ आणि ‘घरी थांबायला सांगितलंय’. यातली दुसरी रीत इंग्रजीच्या ‘टोल्ड मी टू स्टे’च्या शेजारचीच. शिवाय ‘उद्या नळ येणार नाहीत म्हणे’ यात बातमी ऐकीव आहे आणि तिची हमी माझी नाही, हे सगळे एका ‘म्हणे’त येते. एवढी सामग्री घेऊन आलेल्या मुलाला ‘तुमच्या भाषेत हे नसतं’ असे सांगणे हा अन्याय आहे. त्याच्या हातातले हत्यार काढून घेऊन त्याला लढायला पाठवण्यासारखे आहे ते.

दुसऱ्याचे बोलणे पोचवताना प्रसंगही पोचवावा लागतो, हे विदर्भाने फार पूर्वी ओळखले होते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केले ते महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून. कोण होते, कुठे होते, कुणी काय विचारले आणि मग स्वामी काय म्हणाले, असा सगळा ऐवज त्यात आहे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादलेली त्याची आवृत्ती १९७८ साली निघाली. ती चाळली तरी हे दिसते. पुढे केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ केला. शब्द जसेच्या तसे राहिले, पण प्रसंग सुटला. म्हणून महानुभावांना ‘प्रकरणवश’ लिहावे लागले: कोणते सूत्र कुणाला, कुठे, कशावरून सांगितले, याची नोंद. प्रत्यक्ष कथनाची जर ही गत, तर अप्रत्यक्षाला प्रसंगावाचून कसे चालेल?

तेव्हा प्रश्नपत्रिकेत वाक्याच्या डोक्यावर एक ओळ वाढवावी: ‘हे वाक्य तुम्ही दुसऱ्या दिवशी, त्याच शाळेत, वडिलांना सांगत आहात.’ तपासायला वेळ जास्त लागेल, पण तो लागू द्यावा. आणि शिकवणीत धड्याचा पहिला तास मराठीत घ्यावा. मुलांनी वर्तमानपत्रातली पाच विधाने शोधावीत, मूळ बोलणारा काय म्हणाला असेल ते लिहावे, मग तेच ‘आपण’, ‘ते’, ‘म्हणून’, ‘असे’ वापरून पुन्हा सांगावे. तक्ता दुसऱ्या तासाला काढावा, आणि त्याच्या खाली ती गळलेली टीप तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावी.