भरती सगळे धुऊन नेत नाही

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत, तिसऱ्यांचा (खाडीतल्या शिंपल्यांचा) वाटा घेताना एक समज सहज ऐकू येतो. उपनगरांत शेती नाही, मग खाडीत कीटकनाशक येणार कुठून? आले तरी दिवसातून दोनदा भरती-ओहोटी ते धुऊन नेते. डीडीटीवर तर केव्हाच बंदी आली. एवढ्यावरही शंका उरली, तर तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे त्या रेती टाकून स्वच्छ होतात. या पूर्वपक्षातल्या प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

कीटकनाशक म्हणजे केवळ शेतातली फवारणी नव्हे. डासांसाठी झालेली डीडीटीची फवारणी, वाळवीसाठी इमारतींच्या पायात ओतलेली औषधे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक कारखाने, या सगळ्यांचा उतार खाडीकडेच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या सागरी परिसरातील डीडीटी व एचसीएच यांवर २००२ आणि २००६ साली शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. शेती नसलेल्या शहराच्या किनाऱ्यावर ही द्रव्ये आहेत, हे त्यातून नोंदले गेले.

बंदीचे म्हणावे, तर १९८९ साली डीडीटीचा शेतीतला वापर थांबला. हिवतापासाठी वर्षाला १०,००० टनांपर्यंत मुभा राहिली. बीएचसीवर, म्हणजेच एचसीएचवर, १९९७ साली बंदी आली. पण बंदी विक्रीला लागू होते, चिखलात आधीच बसलेल्या द्रव्याला नाही. डीडीटीचे विघटन होऊन बनणारी डीडीई आणि डीडीडी हीसुद्धा चिवट द्रव्येच आहेत.

आता भरतीचा मुद्दा. विरघळलेली घाण भरती-ओहोटी वाहून नेते, हे खरे. पण डीडीटी लिटरभर पाण्यात जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळते. उरलेले सेंद्रिय गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसते. ठाणे खाडी मुलुंडच्या बाजूला अरुंद होत जाते, तिथे पाण्याची अदलाबदल मंद आणि गाळ बारीक. भरती तो गाळ ढवळते, कण वर येतात आणि बरेचसे तिथेच पुन्हा बसतात.

नेमके हेच कण शिंपल्यांच्या वाट्याला येतात. चिखलात रुतलेली तिसरी दोन नळ्या वर काढते: एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने प्रवाह चालू राहतो, कण चिकट द्रवात अडकतात, नकोसे बाहेर टाकले जातात आणि बाकीचे पोटात जातात. मोठे कालव तासाला काही लिटर पाणी असे गाळते. कणांवरचे द्रव्य मग चरबीत उतरते. माशांच्या तुलनेत शिंपल्यांची ते मोडून टाकण्याची शक्ती कमी, त्यामुळे ते साचत जाते. प्रयोगांत कालवांच्या शरीरात डीडीटीचे प्रमाण पाण्याच्या तुलनेत ७०,००० पटींपर्यंत गेल्याची नोंद आहे.

रात्रभर पाण्यात ठेवल्याने पोटातली रेती आणि काही जंतू जातात. चरबीतले द्रव्य एका रात्रीत जात नाही. तिसऱ्यांची एकशिपी करताना आलेली उकळीही ते नष्ट करत नाही.

याचा अर्थ तिसऱ्या खाऊच नयेत असा नाही. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या वेचणाऱ्या कोळणींनी हे विष पेरलेले नाही. अफवेने त्यांचा धंदा बुडवणे हा अन्यायच ठरेल. चूक आहे ती पाण्याच्या नमुन्यावरून खाडी स्वच्छ ठरवण्यात. सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली शिंपल्यांच्या मांसावरूनच किनाऱ्याचे प्रदूषण मोजण्याची योजना मांडली आणि अमेरिकेत १९८६ साली ती राष्ट्रीय पातळीवर चालू झाली. प्रजननाच्या हंगामानुसार शिंपल्यांतली चरबी कमीजास्त होते, म्हणून तपासणी वर्षभर हवी. २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडीसाठी, तसेच मालाड आणि मनोरीच्या खाड्यांसाठी, गाळ व शिंपले दोन्ही नियमित तपासावेत आणि निष्कर्ष कोळीवाड्यांत मराठीतून जाहीर करावेत. केवळ पाण्याच्या अहवालावर शिंपल्यांना निर्दोष ठरवणे शास्त्राला धरून नाही.