पाठीवरची गोळी : दहा दिवसांत चित्रित झालेला वेस्टर्न आणि जेसी जेम्सचा इतिहास

१/९
३ एप्रिल १८८२. मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ. भिंतीवरील तसबीर नीट करण्यासाठी जेसी जेम्स खुर्चीवर चढला. कमरेची पिस्तुले त्याने आधीच उतरवून ठेवली होती. त्याच्याच टोळीतील बॉब फोर्डने मागून गोळी झाडली आणि अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध दरोडेखोराचा अंत झाला.

२/९
१९३९ मध्ये फॉक्स कंपनीने टायरोन पॉवरला घेऊन भव्य, रंगीत ‘जेसी जेम्स’ काढला. त्यातील जेसी रेल्वे कंपनीच्या जुलमामुळे बंडखोर होतो. दहा वर्षांनी आलेल्या ‘आय शॉट जेसी जेम्स’ने मात्र मारेकऱ्यालाच कथेच्या केंद्रस्थानी आणले.

३/९
दिग्दर्शक सॅम्युअल फुलर हा पूर्वाश्रमीचा गुन्हेगारी वार्ताहर. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. निर्माता रॉबर्ट लिपर्ट स्वस्त चित्रपटांसाठी ओळखला जाई. कृष्णधवल फिल्म, मोजके सेट आणि दहा दिवसांचे चित्रीकरण. भव्य दृश्ये परवडणारी नव्हती. कॅमेरा चेहऱ्यांजवळ गेला.

४/९
तेच या चित्रपटाचे बळ ठरले. आरंभीचा बँकेवरील दरोडा जवळून टिपलेल्या, ताणलेल्या चेहऱ्यांतून उलगडतो. पुढे जेसी टबमध्ये पाठमोरा बसलेला असताना बॉबच्या हाती जेसीनेच भेट दिलेले पिस्तूल असते. गोळी सुटत नाही. जेसी सांगतो आणि बॉब त्याची पाठ चोळू लागतो.

५/९
प्रत्यक्षात फोर्डने गुन्हा कबूल केला. त्याला फाशीची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी गव्हर्नर थॉमस क्रिटेंडन यांनी माफीही दिली. जाहीर बक्षिसाचा मात्र अल्प भागच त्याच्या हाती पडला. पुढे तो रंगमंचावर स्वतःच्याच कृत्याचा प्रयोग करू लागला.

६/९
चित्रपटातील बॉब या प्रयोगात गोठून जातो. नंतर एक गायक नकळत त्याच्याच समोर त्याला भेकड ठरवणारे गीत गातो. जॉन आयर्लंडचा चेहरा येथे पानभर संवादांचे काम करतो. हत्येचे लोकरंजन कसे होते, हे भव्य चित्रपटाला न दिसलेले सत्य या स्वस्त चित्रपटाने टिपले.

७/९
उणिवाही ठळक आहेत. बॉब, सिंथी आणि केली यांचा प्रेमत्रिकोण कल्पित असून उत्तरार्ध त्यामुळे रेंगाळतो. सिंथीला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व लाभत नाही. ८ जून १८९२ रोजी कोलोरॅडोतील क्रीड येथे एडवर्ड ओ’केलीने फोर्डला त्याच्याच तंबूतील मद्यालयात शॉटगनने मारले. चित्रपटात त्याचे रूपांतर प्रेमातील प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या द्वंद्वात होते.

८/९
मोठी उणीव राजकीय आहे. जेसी गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबातला. यादवी युद्धात किशोरवयातच तो ‘ब्लडी बिल’ अँडरसनच्या टोळीत होता. याच टोळीने १८६४ मध्ये सेंट्रेलिया येथे निःशस्त्र सैनिकांना रेल्वेतून उतरवून ठार केले. पुढे जॉन न्यूमन एडवर्ड्स या संपादकाने जेसीला पराभूत दक्षिणेचा वीर बनवले. त्याने लूट गरिबांना वाटल्याचा पुरावा नाही.

९/९
यातले काहीच पडद्यावर नसल्याने जेसी केवळ विश्वासू मित्र उरतो आणि त्याच्या बळींची आठवणही येत नाही. फुलरचा चित्रपट जरूर पाहावा. विश्वासघात करणाऱ्या माणसाच्या मनाचा तो उत्तम अभ्यास आहे. मात्र जेसी जेम्स लोकनायक का झाला, याचे उत्तर १८६० च्या दशकातील मिसूरीत आणि तेथील वृत्तपत्रांच्या पानांवर शोधावे लागते.